बर्फातून आलेली सायकल घरात ठेवताना जमीन कशी सांभाळायची

बर्फाच्या प्रदेशातल्या माझ्या पहिल्याच हिवाळ्यात भाड्याच्या घराचं लॅमिनेट फ्लोअरिंग माझ्या हातून खराब झालं. संध्याकाळी सायकल आत घ्यायची, भिंतीला टेकवायची, दोन्ही चाकांखाली एकेक पायपुसणं सरकवायचं की झालं, अशी माझी समजूत होती. सकाळी पाहावं तर पायपुसणी जेमतेम ओलसर, आणि पाणी साचलेलं दोन चाकांच्या मधोमध, पेडलच्या खाली. मी रोज पुसत होते. तरीही तीन आठवड्यांत तिथल्या सांध्यावरून बोट फिरवलं की उंचवटा लागायला लागला. तो पुन्हा कधी बसला नाही. घर सोडताना त्या दोन फळ्यांचे पैसे डिपॉझिटमधून गेले, आणि ते योग्यच होतं.

त्यानंतरचे सगळे हिवाळे सायकल घरातच राहिली आहे आणि जमीन शाबूत आहे. हिमवर्षावात पहिल्यांदाच सायकल चालवणाऱ्यांसाठी माझी पद्धत इथे लिहिते. मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकते: जमीन वाचते ती दाराबाहेर. ट्रे, चटई, टॉवेल हे सगळं उरल्यासुरल्या पाण्यासाठी. बहुतेक जण आधी ट्रे विकत आणतात आणि मग सायकलसकट सगळा बर्फ त्यात आणून उभा करतात. तसं केलं तर कितीही चांगला ट्रे असो, तो पुरा पडत नाही.

आधी पाहून घ्या, आपली सायकल गळते कुठे

काहीही विकत घेण्याआधी एक संध्याकाळ यासाठी द्या. रद्दी वर्तमानपत्रं किंवा खोक्याचा पुठ्ठा सायकलच्या पूर्ण लांबीभर अंथरा, ओली सायकल त्यावर उभी करा आणि तासाभराने ओले डाग कुठे पडलेत ते पाहा. खाली जुनं प्लास्टिक टाकायला विसरू नका.

साधारणपणे असं दिसेल. चाकांखाली पाणी असतं, पण सगळ्यात मोठा डाग मधे, बॉटम ब्रॅकेटखाली असतो. बॉटम ब्रॅकेट म्हणजे पेडलचे दांडे ज्या आसावर फिरतात तो भाग. फ्रेमच्या नळ्या तिथे येऊन मिळतात, त्यामुळे सीटपासून वितळलेलं पाणी नळीवरून ओघळत तिथेच येऊन ठिबकतं. शिवाय मागचं टायर आणि फ्रेम यांच्या बेचक्यात, बॉटम ब्रॅकेटच्या अगदी मागे, बर्फाचा गोळा घट्ट बसलेला असतो. दुसरा गोळा पुढच्या फोर्कच्या, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दुहेरी दांड्याच्या, वरच्या टोकाला, टायरच्या डोक्यावर. तिसरा, आणि बहुधा सगळ्यात मोठा, मडगार्डच्या आतल्या बाजूला. तो बाहेरून दिसतच नाही. ब्रेकच्या खाचा, चेन आणि मागच्या गिअरच्या चकत्या यांत थोडाथोडा असतो.

वरवरचा भुसभुशीत बर्फ दहा मिनिटांत गळून जातो. हे दाबून बसलेले गोळे मात्र तास-दोन तास ठिबकत राहतात, म्हणून आल्या आल्या पुसून काम झालं असं वाटतं आणि झोपायच्या वेळी जमीन पुन्हा ओली सापडते.

पाणी होतं तरी किती? नुकता पडलेला हलका बर्फ 10 सेंटिमीटर साचला तर त्याचं साधारण 1 सेंटिमीटर पाणी होतं. पण टायरने थापून बसवलेला बर्फ याच्या कितीतरी पट घट्ट असतो. मडगार्डमधला मूठभर गोळा छोटा दिसतो आणि पाणी भरपूर देतो. न झटकता आणलेल्या सायकलखाली अर्धा लिटर पाणी सापडलं तर नवल वाटू देऊ नका.

नुसतं पाणी असतं तर एवढी काळजी नव्हती

सायकलबरोबर तीन गोष्टी येतात: मीठ, कच आणि चेनचं काळं तेल.

बर्फाळ रस्त्यांवर बऱ्याच ठिकाणी मीठ टाकतात. साध्या मिठाचा जोर उणे 10 अंश सेल्सिअसच्या आसपास ओसरतो, म्हणून जास्त थंडीत कॅल्शियम क्लोराइड किंवा मॅग्नेशियम क्लोराइड वापरतात. हे दोन्ही क्षार हवेतली ओल शोषून घेतात. त्यामुळे त्यांचं पाणी सुकलं असं वाटलं तरी जमिनीवर बुळबुळीत, चिकट थर राहतो आणि तो पुन्हा पुन्हा ओलावतो. साध्या मिठाचा सुकल्यावर पांढरा डाग पडतो.

कच म्हणजे रस्त्यावर टाकलेली बारीक खडी आणि रेती. रेतीतलं क्वार्ट्झ मोहस कठीणतेच्या मापावर 7 ला बसतं, म्हणजे काचेपेक्षा कठीण. बुटाखाली असा एक कण आला आणि पाय घासला की लाकडावरच्या पॉलिशला चरा गेलाच. म्हणून ओली जमीन पुसण्याआधी कच उचलायची, नाहीतर आपण फडक्यानेच ती सगळीकडे घासत नेतो.

तेलाचं थोडक्यात: चेनला तेल लावल्यावर वरचं जास्तीचं तेल पुसून काढा. तेल आतल्या रोलरमध्ये हवं असतं. बाहेर राहिलेलं तेल कच धरतं आणि जमिनीवर काळे ठिपके पाडतं.

दाराबाहेरची दोन मिनिटं

दाराजवळ एक हातब्रश कायमचा टांगून ठेवा, मऊ केसांचा आणि लांब दांड्याचा. गाडीवरचा बर्फ झाडायचा ब्रश चालतो, फक्त त्याची खरवडायची कडक बाजू फ्रेमला लावू नका. सोबत एक जुनं फडकं असू द्या.

1. सायकल हाताने उचलून पुढचं चाक वीतभरापेक्षा कमी उंचीवरून जमिनीवर सोडा. दोन-तीनदा. मग मागचं. मडगार्डमधला आणि फोर्कमधला अर्धाअधिक बर्फ एवढ्यानेच खाली येतो. हवा भरलेलं टायर हा धक्का सहज पेलतं. उंचावरून मात्र आपटू नका, आणि टोपलीत सामान असेल तर ते आधी काढा.

2. ब्रश वरून खाली चालवा. सीट, हँडल, वरची नळी, मग खालची. खालून सुरुवात केली तर वरचा बर्फ पुन्हा त्याच जागी पडतो.

3. आता ब्रशचं टोक मडगार्डच्या आत घाला आणि चाक हळूहळू फिरवत जा. इथे आळस करू नका. बॉटम ब्रॅकेटमागचा गोळा ब्रशने निघत नसेल तर लाकडाची पट्टी किंवा आइस्क्रीमची काडी वापरा. स्क्रू ड्रायव्हर नको, रंग खरवडला जातो आणि तिथे गंज धरतो.

4. पेडल उलटं फिरवत चेनवरून फडकं ओढा. ब्रेक डिस्कचे असतील तर हे तेलकट फडकं डिस्कला लागू देऊ नका, ब्रेक धरेनासे होतात.

5. शेवटी टायर आणि रिम पुसा.

पहिले काही दिवस पाच मिनिटं लागतील. हाताला सवय झाली की दोन मिनिटं पुरतात. कडाक्याची थंडी असेल तेव्हा उलट हे काम सोपं जातं, कारण कोरडा बर्फ पिठासारखा झडतो. त्रास देतो तो शून्याच्या आसपासचा, अर्धवट वितळलेला खारट राडा. तो झडत नाही, फासला जातो. अशा दिवशी ब्रशपेक्षा फडकं जास्त कामाचं.

मडगार्डच्या आतल्या बाजूला हिवाळ्याच्या सुरुवातीला सिलिकॉन स्प्रेचा किंवा मेणाचा पातळ हात दिला तर बर्फ कमी चिकटतो. चाक काढून, फडक्यावर घेऊन लावा. थेट फवारलं तर रिमवर किंवा डिस्कवर उडतं, आणि मग ब्रेकचा भरवसा राहत नाही. ज्यांना अजून मडगार्ड नाहीत त्यांनी पूर्ण लांबीचे, खाली रबरी झालर असलेले बसवावेत. जमिनीपुरता विचार केला तरी ते वसूल होतात, कारण फ्रेमवर, चेनवर आणि तुमच्या बुटांवर उडणारा राडा निम्म्याहून कमी होतो. टायर आणि मडगार्डमध्ये बोटभर जागा मात्र हवी, नाहीतर बर्फ ठासून चाकच अडतं.

दारापासून जागेपर्यंत

ढकलत नेण्यापेक्षा उचलून न्या. डाव्या बाजूला उभं राहून उचललं की चेन अंगापासून लांब राहते. सायकल जड असेल, लॉबी लांब असेल किंवा लिफ्टमधून जायचं असेल, तर चाकांवर चढवायच्या इलॅस्टिकच्या कापडी खोळी मिळतात. त्या पाणी फार वेळ अडवत नाहीत, पण ट्रेपर्यंत पोहोचायला पुरतात. ट्रेमध्ये गेल्यावर त्या लगेच काढा.

खिळ्यांचे टायर वापरत असाल तर हा परिच्छेद नीट वाचा. बर्फावर घसरू नये म्हणून त्या टायरमध्ये टंगस्टन कार्बाइडची टोकं बसवलेली असतात. हा पदार्थ लाकूड, व्हिनाइल तर सोडाच, पण टाइलवरही ओरखडा काढू शकतो. असं टायर घरातल्या जमिनीवर एक फूटसुद्धा फिरवू नका. दारातून थेट जागेपर्यंत जाड रबरी किंवा काथ्याची पट्टी अंथरा, किंवा उचलूनच न्या. ट्रेमध्येही चाकांखाली प्लायवूडची पट्टी ठेवा, नाहीतर ट्रेलाच भोकं पडतील.

ट्रे आणि त्यातली मांडणी

सायकलची लांबी साधारण 170 ते 185 सेंटिमीटर असते. दोन चाकांच्या आसांमधलं अंतर मीटरभर किंवा थोडं जास्त. त्यामुळे बूट ठेवायचे दोन छोटे ट्रे चाकांखाली ठेवले की मधली गळती बाहेरच पडते. माझी पायपुसणी नेमकी याच कारणाने निकामी ठरली होती. जागा कमी असेल तर तीन छोटे ट्रे घ्या, तिसरा पेडलखाली. जागा असेल तर एकच लांब ट्रे उत्तम, निदान 180 बाय 60 सेंटिमीटरचा.

काठ किती उंच हवा, याचा हिशेब एकदा करून पाहण्यासारखा आहे. एवढ्या ट्रेमध्ये अर्धा लिटर पाणी सारखं पसरलं तर त्याची खोली अर्धा मिलिमीटरसुद्धा होत नाही. घरातली जमीन मात्र अगदी सपाट नसते. मीटरला 5 मिलिमीटर उतार धरला तरी उताराच्या टोकाला पाणी तीनेक मिलिमीटर चढतं. म्हणजे दीड-दोन सेंटिमीटरचा काठ भरपूर झाला. त्याहून उंच काठावरून रोज सायकल चढवताना काठच मोडतो.

ट्रे पॉलिप्रॉपिलीनचा किंवा पॉलिथिनचा असावा. तयार लांब ट्रे मिळाला नाही तर घरी करता येतो. जाड ताडपत्री घ्या आणि चारही कडांना पाण्याच्या पाइपवर चढवतात त्या फोमच्या नळ्या गुंडाळून चिकटपट्टीने पक्क्या करा. चाक वरून गेलं की फोम दबतो आणि मागोमाग पुन्हा वर येतो, त्यामुळे सायकल आत ढकलायला सोपी जाते. माझा असा ट्रे तीन हिवाळे चालला.

आत काय ठेवायचं? जुना टर्किश टॉवेल, पेडलखाली. बॉटम ब्रॅकेट जमिनीपासून साधारण 27 सेंटिमीटर वर असतं आणि तिथून पडणारा थेंब उघड्या प्लास्टिकवर फुटून भिंतीपर्यंत शिंतोडे उडवतो. टॉवेलवर पडला की आवाजही नाही आणि शिंतोडेही नाहीत. टॉवेल किंवा चटई ट्रेशिवाय, थेट जमिनीवर कधीही नको. ओलं कापड जमिनीला चिकटून राहतं, वरून सुकल्यासारखं दिसतं आणि खाली रात्रभर खारट ओल धरून ठेवतं.

सायकलला स्टँड असेल तर त्याच्या टोकाखाली लाकडाचा चपटा तुकडा किंवा बरणीचं जुनं झाकण ठेवा. सगळा भार त्या एका टोकावर येतो आणि पातळ प्लास्टिकला महिन्याभरात भोक पडतं. ते भोक वरून दिसत नाही, खालची जमीन काळी पडल्यावर कळतं. भिंतीलाही हँडलच्या आणि पेडलच्या उंचीवर प्लास्टिकची शीट लावून घ्या.

भिंतीवर उभी टांगायची सोय असेल तर ती ओल्या सायकललाही चालते, फक्त गळती वेगळ्या जागी होते. पुढच्या चाकाला टांगलं की बरंचसं पाणी खालच्या, मागच्या चाकाकडे उतरतं आणि छोटा ट्रे पुरू शकतो. पण नळ्यांच्या आत शिरलेलं पाणीही अशा वेळी भलत्याच जागेतून बाहेर येतं. वर्तमानपत्राची चाचणी टांगलेल्या स्थितीत पुन्हा करा.

जमीन कसली आहे त्यावर बरंच ठरतं

लॅमिनेट सगळ्यात नाजूक. वरचा थर कठीण असतो, पण आतला गाभा लाकडाचे तंतू दाबून केलेला असतो. सांध्यातून पाणी आत गेलं की तो फुगतो आणि सुकल्यावरही पूर्ववत होत नाही. लॅमिनेटवर ट्रेखाली दर आठवड्याला पाहायलाच हवं.

खऱ्या लाकडाच्या फळ्या ओल पिऊन कडांना वर येतात आणि मधे खोलगट होतात. हे दिसलं तर घाबरून लगेच घासून सपाट करायला जाऊ नका. ओल थांबवा, हवा खेळती ठेवा आणि काही आठवडे वाट पाहा. बऱ्याचदा फळी पुष्कळशी बसते. ओली असतानाच घासली तर सुकल्यावर तिचा मधला भाग फुगीर राहतो.

व्हिनाइलला पाण्याची भीती फारशी नाही, पण रबराची आहे. रबरातली काही रसायनं व्हिनाइलमध्ये उतरतात आणि पिवळट-तपकिरी डाग पडतो. हा डाग वर बसलेला नसून आत मुरलेला असतो, त्यामुळे पुसून जात नाही. म्हणून व्हिनाइलवर रबरी पाठीची चटई नको, आणि टायरही रोज त्याच जागी थेट टेकवू नका.

टाइल सगळ्यात सोयीची. तिच्या फटींमधलं सिमेंट तेवढं तेल आणि मीठ शोषतं. ओल्या टाइलवर ट्रे सरकतो, तर चारही कोपऱ्यांना न घसरणारी जाळी लावा. संगमरवरासारख्या दगडावर मीठ छिद्रांत जाऊन साचतं, तिथे पाणी तासभरही राहू देऊ नका. गालिचा असेल तर शक्यतो दुसरी जागा शोधा. नाइलाज असेल तर मोठा एकसंध ट्रे, आणि मीठ पडलंच तर आधी टिपून घ्या, सुकू द्या, मग व्हॅक्यूम करा, शेवटी कोमट पाण्याच्या फडक्याने टिपा. चोळू नका.

आत आल्यानंतर

थंड सायकल उबदार खोलीत आली की फ्रेमवर बारीक दव जमतं. बाहेर पूर्ण कोरडी केलेली सायकलसुद्धा दहा मिनिटांत ओलसर लागते. हे पाणी खोलीतल्या हवेतलं आहे. एवढ्यासाठी वीसेक मिनिटांनी एकदा कोरडं फडकं फिरवा, त्याच वेळी ट्रेमधले सुटलेले गोळे उचलून बादलीत टाका. माझ्या अनुभवात सगळ्या कामांत हे एक काम सर्वात जास्त फळ देतं, कारण त्या वेळी गोळे सैल झालेले असतात पण वितळलेले नसतात. हाताने उचललेला बर्फ पुसावा लागत नाही.

सायकल हीटरला चिकटून ठेवू नका. बर्फ लवकर वितळतो खरा, पण उष्णतेत मिठाचा गंज भराभर चढतो. बाहेर गोठलेल्या सायकलपेक्षा घरात ठेवलेली खारट सायकल लवकर गंजते, हे पुष्कळांना माहीत नसतं. म्हणून आठवड्यातून एकदा मोरीत किंवा बाथरूममध्ये कोमट पाण्याने मीठ धुऊन काढा, कोरडी करा आणि चेनला तेल द्या. पाण्याचा जोरदार फवारा बेअरिंगवर मारू नका. धुतलेली सायकल पूर्ण सुकल्याशिवाय बाहेर नेऊ नका, केबलमध्ये आणि मागच्या फ्रीव्हीलमध्ये (पेडल थांबलं तरी चाक फिरू देणारा भाग) राहिलेलं पाणी गोठलं की गिअर अडकतात किंवा पेडल मारूनही चाक फिरत नाही.

विजेची सायकल असेल तर बॅटरी काढून वेगळी, कोरड्या जागी ठेवा. लिथियम-आयन बॅटरी शून्याखालच्या थंडीत चार्ज केली तर कायमची बिघडू शकते, तेव्हा ती खोलीच्या तापमानाला आल्यावरच चार्जरला लावा.

झोपण्याआधी ट्रे रिकामा करायचा. स्पंजने टिपून बादलीत पिळलं की भागतं. ते पाणी कुंड्यांना घालू नका, मिठाने झाडं मरतात. घरात कुत्रा-मांजर असेल तर ट्रेमधलं पाणी त्यांना चाटू देऊ नका. खोली लहान असेल तर थोडा वेळ खिडकी उघडा, नाहीतर तेच पाणी हवेत जाऊन काचेवर आणि थंड कोपऱ्यात बसतं, आणि तिथे बुरशी धरते.

आठवड्याला ट्रे पूर्ण उचलायचा. आधी कच झाडू-सुपलीने गोळा करा, मग जमीन पुसा. पांढरे डाग नुसत्या पाण्याने जात नसतील तर टाइलवर किंवा व्हिनाइलवर पाण्यात थोडं व्हिनेगर घालून पुसा आणि नंतर साध्या पाण्याचा हात द्या. संगमरवर आणि चुनखडीच्या दगडावर व्हिनेगर अजिबात नको, त्याची चमक जाते. लाकडाला घट्ट पिळलेलं फडकं, लगेच मागून कोरडं.

भाड्याचं घर असेल तर हिवाळ्याआधी ट्रेच्या जागेचा एक फोटो काढून ठेवा, सांधे दिसतील इतक्या जवळून. वसंतात ट्रे कायमचा उचलाल तेव्हा तीच जागा त्या फोटोशी ताडून पाहा. सांध्यावरून बोट फिरवा, फटीत मिठाची पांढरी रेघ दिसते का पाहा आणि ती जागा आठवडाभर उघडी ठेवून मगच तिथे दुसरं काही मांडा.